छातीतील जळजळ आणि रात्रीचे जेवण

रात्रीची जेवणे उरकून घरात निजानीज झाली, की अनेक घरांतून एखादी व्यक्ती अंथरुणात उठून बसलेली आढळते. छातीच्या मधल्या हाडामागे आग होत असते, घशाशी आंबट-कडू पाणी येत असते आणि पाठ टेकली की त्रास दुणावतो. मग अंधारातच फळीवरचा खाण्याचा सोडा शोधला जातो. कोणी थंड दूध पिते, कोणी गोळी चघळते. थोड्या वेळाने बरे वाटते आणि सकाळी सारे विसरले जाते. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. ‘आमच्या घराण्यातच पित्त आहे’ असे म्हणून पुष्कळजण या दुखण्याशी वर्षानुवर्षे तडजोड करीत राहतात. वस्तुतः हे दुखणे समजून घेतले तर बहुधा आटोक्यात ठेवता येते. समजून न घेतले तर क्वचित प्रसंगी ते फार महागात पडते. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘पित्त’ या शब्दाचाच घोळ दूर केला पाहिजे. अंगावर गांधी उठल्या तरी आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात; डोके ठणकून उलटी झाली तरी ‘पित्त पडले’ म्हणतात; आणि छातीत जळजळले तरी ‘पित्त झाले’ असेच म्हणतात. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. गांधी हा बहुधा ॲलर्जीचा प्रकार असतो, आणि डोकेदुखीबरोबर होणारी उलटी पुष्कळदा अर्धशिशीची असते. आधुनिक शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. छातीत जळजळ करणारा पदार्थ प्रामुख्याने तो नव्हे. तो जठरात तयार होणारे आम्ल होय. आयुर्वेदाच्या ‘माधवनिदान’ या जुन्या ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग, म्हणजे वर जाणारे आणि खाली जाणारे, असे दोन भेद सांगितले आहेत. आंबट द्रव उलट दिशेने वर चढतो, हे निरीक्षण आपल्याकडे शतकानुशतके जुने आहे.

जठरातील हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असे विल्यम प्राऊट या इंग्रज डॉक्टराने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण योग जुळून आला. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जखम भरताना जठरापर्यंत जाणारे एक छिद्र कायमचे राहून गेले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने त्या छिद्रातून अन्न कसे पचते याचे अनेक वर्षे निरीक्षण केले आणि १८३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या आणि पुढील संशोधनातून एक गोष्ट निश्चित झाली, ती ही, की आम्ल हा शरीराचा शत्रू नाही. दिवसाकाठी सुमारे २ लिटर जठररस तयार होतो. तो अन्नातील प्रथिने फोडण्यास मदत करतो आणि अन्नपाण्याबरोबर आलेल्या बहुतेक जंतूंचा नाश करतो. एवढे तीव्र आम्ल जठराला मात्र सहसा जाळत नाही, कारण जठराच्या आतल्या बाजूस चिकट श्लेष्म्याचा जाड लेप असतो. जठराच्या वर असलेल्या अन्ननलिकेला असे संरक्षण फारच थोडे असते.

येथेच या विकाराचे मर्म आहे. अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाशी ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचा, वर्तुळाकार स्नायूंचा एक पट्टा असतो, आणि त्याच ठिकाणी श्वासपटलाचे स्नायूही तिला बाहेरून कवटाळून असतात. या दोहोंची मिळून एक झडप होते. घास गिळला की ती उघडते आणि घास खाली गेला की मिटते. ढेकर यावा म्हणूनही ती अधूनमधून क्षणभर सैल पडते. जेवणानंतर थोडेसे आम्ल असे वर येणे निरोगी माणसातही घडते. पण लाळ गिळली जाते, लाळेतील क्षार आम्लाचा जोर मोडतात, आणि माणूस उभा किंवा बसलेला असल्यामुळे द्रव आपोआप खाली उतरतो. झडप वारंवार अवेळी सैल पडू लागली, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकला, म्हणजे हे संरक्षण अपुरे पडते. मग जळजळ सुरू होते. आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस असा त्रास होत राहिला, तर त्याला विकार समजून त्याकडे लक्ष दिले पाहिजे.

याचा अर्थ असा, की बहुतेक रोग्यांच्या जठरात आम्ल इतरांपेक्षा जास्त तयार होत असते असे नाही. ते नको त्या ठिकाणी पोहोचते, हा दोष आहे. एवढे ध्यानात आले म्हणजे उपाय कोठे करावयाचा तेही उमगते. आम्ल मारणे हा उपायाचा एक भाग झाला. झडपेवरचा ताण कमी करणे आणि वर आलेले आम्ल लवकर खाली जाईल अशी व्यवस्था करणे हा दुसरा भाग. हा दुसरा भाग औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो घराच्या दिनक्रमात असतो.

रात्री हा त्रास का वाढतो, हेही आता स्पष्ट होईल. झोपेत लाळ फारच कमी सुटते, गिळण्याची क्रिया क्वचित होते आणि आडवे झाल्यामुळे द्रव खाली उतरण्यास उतार उरत नाही. अशा वेळी पोट भरलेले असेल, तर वर आलेले आम्ल अन्ननलिकेत बराच काळ तसेच साचून राहते. तळलेले, तूप-तेल जास्त असलेले अन्न जठरातून पुढे सरकण्यास अधिक वेळ घेते. म्हणून उशिरा केलेल्या जड जेवणानंतरची रात्र सर्वांत वाईट जाते.

आता आपल्या नेहमीच्या जीवनाकडे पाहावे. इंदूरच्या सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाली, की खाण्याची दुकाने मांडली जातात आणि मध्यरात्रीपर्यंत गर्दी हटत नाही. पाहुण्यांना घेऊन एखाद्या रात्री तेथे जाणे हा आनंदाचा भाग आहे. पण आठवड्यातून चार रात्री अकरा वाजता कचोरी आणि गरम जिलबी खाऊन बारा वाजता झोपणाऱ्याने सकाळच्या आंबट ढेकरांचे खापर ‘घराण्यातील पित्ता’वर फोडण्यात अर्थ नाही. बेळगावात किंवा वडोदऱ्यात रात्री नऊला दुकान बंद करून घरी येणारा व्यापारी दहाला जेवतो आणि साडेदहाला आडवा होतो. गोव्यात सणासमारंभाच्या रात्री तिखट, तेलकट आणि व्हिनेगर घातलेले पदार्थ ताटात येतात, जोडीला फेणीचा पेला असतो, आणि मद्याने ही झडप आणखी सैल पडते.

परंतु या सर्वांपेक्षा अधिक विचार करण्यासारखी स्थिती घरातील गृहिणीची असते. सर्वांना वाढून झाल्यावर ती जेवावयास बसते. उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातील दोन घास अधिक खाते, वाकून ओटा पुसते, भांडी आवरते, आणि दिवसभराच्या थकव्याने लगेच अंथरुणावर पडते. भरल्या पोटी वाकणे आणि भरल्या पोटी झोपणे, ही दोन्ही कारणे तिच्या वाट्यास रोज येतात. तिला ‘जेवल्यावर तीन तास झोपू नका’ असे सांगणे सोपे आहे. पण जोवर घरातील पानेच रात्री दहाला मांडली जातात, तोवर तो सल्ला तिने पाळावा कसा? तिचे दुखणे कमी करावयाचे असेल, तर जेवणाची वेळ सर्व घराने मिळून अलीकडे आणली पाहिजे. उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवावे, त्याने आपले आपण वाढून घ्यावे, आणि तिने मुलांबरोबरच जेवून घ्यावे. पुष्कळ घरांत औषधाच्या बाटलीने जे साधले नाही, ते एवढ्या बदलाने साधण्यासारखे आहे.

उपायांचा क्रम लावावयाचा झाला, तर वेळेला पहिले स्थान द्यावे लागेल. शेवटचा घास आणि झोप यांत निदान दोन ते तीन तासांचे अंतर असावे. हे मुळीच शक्य नसेल त्यांनी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पोटभर खाऊन घ्यावे आणि रात्री घरी आल्यावर मऊ भात, मुगाचे वरण यांसारखे हलके व थोडे खावे. दुसरे स्थान प्रमाणाला. पोट तट्ट भरले, की झडपेवर ताण येतो. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन-चार वेळा बेताने खाणे हितावह. उपवासाच्या दिवशी याच्या नेमके उलट घडते. दिवसभर नुसत्या चहावर काढावयाचा आणि मग साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड व शेंगदाणे यांवर एकदम ताव मारावयाचा, हा उपवास पोटाला विश्रांती देत नाही.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. ज्यांना रात्री त्रास होतो, त्यांनी पलंगाच्या उशाकडील पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे किंवा पक्क्या विटा नीट बसवून घ्याव्यात. केवळ उशांची चळत रचल्याने हे काम होत नाही. उशांनी मान आणि कंबर वाकते, पोट दाबले जाते आणि त्रास उलट वाढतो. कमरेपासून डोक्यापर्यंतचा भाग एका सरळ उतारावर आला पाहिजे. डाव्या कुशीवर झोपणेही उपकारक ठरते, कारण त्या स्थितीत जठरातील द्रव झडपेच्या पातळीखाली राहतो. उजव्या कुशीवर तो झडपेकडे येतो.

चौथी गोष्ट कमरेची. पोटावर साठलेली चरबी जठराला सतत खालून दाबत असते. स्थूल माणसाने वजन थोडे जरी उतरविले, तरी जळजळ कमी झाल्याचा अनुभव येतो. घट्ट नाडी, आवळलेला पट्टा यांचाही असाच दाब पडतो. गरोदरपणी अनेक स्त्रियांना होणारी जळजळ काही अंशी याच कारणाने व काही अंशी संप्रेरकांमुळे होते, आणि बाळंतपणानंतर ती बहुधा थांबते. मात्र त्या काळात कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. तंबाखू व धूम्रपान यांनी झडप दुबळी होते. ते सोडणे सर्व दृष्टींनी श्रेयस्कर.

पथ्याच्या बाबतीत मात्र सरसकट बंदीचे हुकूम काढू नयेत. एकाला चहा बाधतो, दुसऱ्याला कांदा, तिसऱ्याला टोमॅटो, चौथ्याला चॉकलेट अथवा कॉफी. कोणाला सोलकढीने बरे वाटते, तर कोणाला तिच्यातील कोकमाच्या आंबटपणाने घसा जळतो. यासाठी उत्तम उपाय म्हणजे एक साधी वही. दोन आठवडे काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, कधी झोपले आणि त्रास कधी झाला, एवढे चार रकाने भरावेत. जो पदार्थ वारंवार दोषी ठरेल तेवढाच वगळावा. सर्वच चवी सोडून फिके अन्न खाणारा मनुष्य महिन्याभरात कंटाळतो आणि पथ्यच सोडून देतो.

घरगुती उपचारांपैकी काहींची पारख करून घेणे आवश्यक आहे. थंड दुधाने क्षणभर गार वाटते, पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटण्यास चालना देतात. त्यामुळे हा आराम अल्पकाळ टिकतो. पुदिना पोटाला चांगला असा समज आहे, परंतु तो झडपेच्या स्नायूला सैल करतो. ज्याला जळजळ होते त्याला तो बाधण्याचा संभव असतो. खाण्याच्या सोड्याने आम्ल तात्काळ मारले जाते खरे. पण त्यातून वायू निर्माण होऊन पोट फुगते, आणि त्यातील सोडियम रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांना अपायकारक ठरते. सर्वांत घातक म्हणजे सकाळी घशात बोटे घालून ‘पित्त पाडण्याची’ सवय. ज्या आम्लाने अन्ननलिका पोळते, तेच आम्ल अशा रीतीने जोराने तिच्यातून आणि दातांवरून वाहविले जाते. जोराच्या उमाशांनी अन्ननलिकेच्या टोकाशी चीर पडून रक्तस्रावही होऊ शकतो. ही सवय ताबडतोब सोडावी.

औषधांच्या क्षेत्रात गेल्या अर्धशतकात मोठी प्रगती झाली. पूर्वी केवळ आम्ल मारणारी चूर्णे व पातळ औषधे होती. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे आम्लनिर्मितीच कमी करणारे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ओमेप्राझोल बाजारात आले. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल इत्यादी औषधे जठरातील पेशींचे आम्ल बाहेर टाकणारे पंप बंद करतात. हे पंप जेवणाच्या वेळी सुरू होतात. म्हणून गोळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. अनेकजण ती जेवणानंतर, आठवण झाली तेव्हा घेतात आणि गुण येत नाही म्हणून तक्रार करतात. साधारणपणे डॉक्टर ही गोळी चार ते आठ आठवडे देतात आणि नंतर प्रमाण कमी करतात. स्वतःच्या मनाने ती वर्षानुवर्षे घेत राहणे योग्य नाही. दीर्घकाळच्या सेवनाने ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची उणीव पडू शकते. उलटपक्षी, पुष्कळ महिने घेतलेली गोळी एकाएकी बंद केली तर काही दिवस आम्ल अधिकच उसळते, आणि रोग्यास वाटते की आपण गोळीवाचून जगूच शकत नाही. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. काही रोग्यांना ती दीर्घकाळ घेणे आवश्यकच असते. त्यांनी ऐकीव माहितीवरून ती सोडू नये. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी, कारण त्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात.

सगळीच लक्षणे छातीत दिसतात असे नव्हे. रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, वारंवार घसा खाकरावा लागणे, दातांवरचे कवच झिजणे यांच्याही मुळाशी कधी कधी वर येणारे आम्ल असते. दिवसभर बोलावे लागणाऱ्या शिक्षकांनी व गायकांनी आवाज बसला, की केवळ घशालाच दोष देऊ नये.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही लक्षणे अशी आहेत, की ती दिसताच घरगुती उपचार थांबवून डॉक्टरांकडे गेले पाहिजे. घास गिळताना अडकणे किंवा दुखणे. कारण नसताना वजन घटणे. उलटीत रक्त येणे. डांबरासारखी काळी शौचास होणे. रक्त कमी झाल्याने येणारा फिकटपणा व थकवा. आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ, ही ती लक्षणे होत. अशा वेळी दुर्बिणीतून तपासणी करून अन्ननलिका प्रत्यक्ष पाहावी लागते. वर्षानुवर्षे आम्लाने पोळलेल्या अन्ननलिकेच्या अस्तरात काही थोड्या लोकांत बदल घडून येतात आणि त्यांतील काहींत पुढे कर्करोग संभवतो. बहुतेकांना असे काही होत नाही, म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. पण ज्याचा घास अडकू लागला आहे, त्याने सोड्याच्या पुडीवर आणखी सहा महिने काढणे हा स्वतःशी केलेला अन्याय होय.

आणि हृदयाचे दुखणे पुष्कळदा पित्ताचे सोंग घेऊन येते, हे कोणीही विसरू नये. छातीवर दडपण, दुखणे हातात, खांद्यात किंवा जबड्यात पसरणे, दरदरून घाम, धाप, चालताना वाढणारी व थांबल्यावर कमी होणारी जळजळ, यांपैकी काहीही असेल, तर ‘पित्तच असेल’ म्हणून वाट पाहू नये. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराची लक्षणे अधिकच अस्पष्ट असू शकतात. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगण या सर्व राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. रुग्णालयात जाऊन ईसीजी काढल्यावर ते पित्तच निघाले, तर कोणी हसणार नाही. ते पित्त नसेल, तर तो एक तास जीव वाचविणारा ठरतो.

तात्पर्य, छातीतील जळजळ हे बहुधा सैल पडलेल्या झडपेचे दुखणे आहे. लवकर आणि बेताचे जेवण, उतरते अंथरुण, आटोक्यातील वजन, योग्य वेळी घेतलेले औषध आणि धोक्याच्या लक्षणांकडे सावध दृष्टी, ही त्याची पंचसूत्री होय. यांपैकी पहिली गोष्ट एकट्या रोग्याच्या हाती क्वचितच असते. म्हणून ज्या घरात रात्री कोणीतरी उठून बसते, त्या घराने उद्याच्या रात्रीची पाने तासभर आधी मांडून पाहावीत, आणि वाढणारीचे पान त्यांतच मांडलेले असावे.